उसन्या फिर्यादींची समता

एडवर्ड ब्लूम हे नाव आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांना फारसे परिचित असण्याचे कारण नाही. हा गृहस्थ पुढारी नाही, वकील नाही, प्राध्यापकही नाही. १९५२ साली जन्मलेला, टेक्सास विद्यापीठातून पदवी घेतलेला आणि ह्यूस्टन शहरात शेअर दलालीचा व्यवसाय केलेला हा माणूस. परंतु २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करण्याचे धोरण घटनाबाह्य ठरविले, त्या खटल्यामागे ब्लूम होता. त्याच्या दहा वर्षे आधी, २५ जून २०१३ रोजी, कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला संरक्षण देणाऱ्या १९६५ च्या कायद्याचा कणाच मोडणारा निकाल लागला. त्यामागेही ब्लूमच होता. कोणीही निवडून न दिलेल्या एका माणसाने तीस वर्षांत हे कसे साधले, याची चिकित्सा आपण केली पाहिजे.

आपण का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या इतिहासातच आहे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. अस्पृश्यांनीही तोच मार्ग अवलंबावा काय, असा विचार त्यांच्या मनात होता. पुढे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे त्यांनी दलित लेखकांचे लक्ष वेधले. १९७२ साली मुंबईत जन्मलेल्या दलित पँथरने तर आपले नावच तिकडून घेतले. त्यांच्या लढ्याशी आपण नाते सांगतो. मग त्यांच्या लढ्याचे जे विरोधक आहेत, त्यांचीही ओळख आपल्याला असली पाहिजे. मित्राचा शत्रू कोणत्या वाटेने येतो हे पाहून ठेवले, तर आपल्या दाराशी येणाऱ्याची चाहूल लवकर लागते.

ब्लूमच्या सार्वजनिक आयुष्याचा आरंभ पराभवाने झाला. १९९२ साली तो रिपब्लिकन पक्षातर्फे ह्यूस्टनमधील अठराव्या मतदारसंघातून काँग्रेसच्या निवडणुकीला उभा राहिला. दक्षिणेकडील राज्यातून काँग्रेसवर निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीने, बार्बरा जॉर्डन यांनी, १९७२ साली अठरावा मतदारसंघच जिंकला होता. ब्लूम हरला. हरल्यावर तो मतदारांकडे परत गेला नाही, न्यायालयात गेला. मतदारसंघाच्या सीमा वंश पाहून आखल्या आहेत, अशी त्याची आणि इतर काही जणांची तक्रार होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधील असे तीन मतदारसंघ रद्द ठरविले. मतपेटीने जे दिले नाही, ते खटल्याने दिले.

त्याने मतदारांचा कौल आणखी एकदा घेऊन पाहिला. १९९७ साली ह्यूस्टन नगरपालिकेच्या कंत्राटांत अल्पसंख्य आणि स्त्रिया यांच्यासाठी जे विशेष संधीचे धोरण होते, ते बंद करण्यासाठी त्याने सार्वमताची मोहीम चालविली. ठरावाचे मूळ शब्द मोठे खुबीचे होते. कोणाविरुद्ध भेदभाव करू नये आणि कोणाला झुकते माप देऊ नये, असा त्यांचा आशय होता. अशा वाक्याला नको कोण म्हणेल? पण नगरपालिकेने मतपत्रिकेवरचे शब्द बदलले. स्त्रिया आणि अल्पसंख्य यांच्यासाठीचे विशेष संधीचे धोरण संपवावे काय, असा सरळ प्रश्न तिने नागरिकांपुढे ठेवला, आणि नागरिकांनी ठराव फेटाळला. धोरण तेच, ठराव तोच. शब्द उघडे झाले आणि कौल बदलला. ब्लूमचे राजकारण कशावर उभे आहे, हे या एका प्रसंगातून कळते. आपला हेतू समतेच्या भाषेत झाकून ठेवणे ही त्याची गरज आहे. झाकण निघाले की माणसे दुरावतात. त्यानंतरची त्याची वाटचाल पाहिली, तर तो सार्वमताच्या वाटेला फारसा गेला नाही. जेथे लाखो माणसांचे मन वळवावे लागत नाही, नऊ न्यायाधीशांपैकी पाचांचे वळवले की पुरते, ती जागा त्याने पक्की केली.

२००५ साली त्याने ‘प्रोजेक्ट ऑन फेअर रिप्रेझेंटेशन’ ही संस्था काढली. संस्था म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सभासद, सभा, वर्गणी, मोर्चा असे चित्र उभे राहते. येथे तसे काही नव्हते. एक माणूस, उजव्या विचारांच्या न्यासांचा पैसा आणि वॉशिंग्टनमधील निष्णात वकील, एवढाच तिचा संसार. ‘डोनर्स ट्रस्ट’सारख्या, मूळ देणगीदाराचे नाव झाकून पैसा पुढे पाठविणाऱ्या न्यासांकडून तिला बळ मिळाले. दबावगट म्हणजे लोकांचा दबाव, ही आपली समजूत येथे बाजूला ठेवावी लागते. येथे लोक नाहीत, फक्त दबाव आहे.

मग खटल्याला फिर्यादी कोठून आणायचा? तो शोधायचा. ब्लूमच्या कर्तबगारीचा गाभा हाच आहे. अलाबामा राज्यातील शेल्बी काउंटीच्या वकिलाशी त्याने स्वतः संपर्क साधला आणि मताधिकार कायद्याविरुद्ध खटला उभा करण्यास त्या काउंटीला तयार केले. १९६५ च्या कायद्यानुसार, ज्या प्रदेशांत कृष्णवर्णीयांना मतदानापासून वंचित ठेवण्याचा इतिहास होता, त्यांना निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वी केंद्र सरकारची संमती घ्यावी लागे. याच शेल्बी काउंटीतील कॅलेरा या गावाने प्रभागांच्या सीमा अशा बदलल्या होत्या की, २००८ साली तेथील एकमेव कृष्णवर्णीय नगरसेवकाची जागा गेली. केंद्र सरकारने हरकत घेतली म्हणून पुन्हा निवडणूक झाली आणि ती जागा त्याला परत मिळाली. कायद्याची गरज अजून संपलेली नाही, याचा पुरावा खुद्द फिर्यादीच्या अंगणात पडला होता! तरीही २०१३ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने म्हटले की, कोणत्या प्रदेशांना संमती घ्यावी लागेल हे ठरविणारे सूत्र जुने झाले आहे. काँग्रेसने हाच कायदा २००६ साली पंचवीस वर्षांसाठी वाढविला होता आणि सिनेटमध्ये त्याविरुद्ध एकही मत पडले नव्हते. निकालाच्या दिवशीच टेक्सास सरकारने, मतदारांकडून ठरावीक छायाचित्र-ओळखपत्रे मागणारा आणि तोवर रोखून धरलेला आपला कायदा अमलात आणण्याची घोषणा केली.

शिक्षणाच्या आघाडीवर त्याने आपल्याच जुन्या विद्यापीठाला, टेक्सास विद्यापीठाला, कोर्टात खेचले. २००८ साली प्रवेश नाकारलेली ॲबिगेल फिशर ही गोरी मुलगी फिर्यादी झाली. तिच्या वडिलांशी ब्लूमची आधीपासून ओळख होती. गोरी असल्यामुळे माझी जागा गेली, असे तिचे म्हणणे. विद्यापीठाने पुढे दाखवून दिले की, तिच्याहून कमी गुणांक असलेल्या ज्या ४७ विद्यार्थ्यांना हंगामी प्रवेश देऊ केला, त्यांपैकी ४२ गोरे होते. त्या ४२ जणांविरुद्ध तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती उरलेल्या पाचांविरुद्ध. हा खटला वाचताना आपल्याकडील गुणवत्तेची सारी चर्चा आठवते. देणगी भरून वैद्यकीय महाविद्यालयात गेलेल्या मुलाचे गुण येथे कोणी विचारीत नाही. राखीव जागेवर आलेल्या मुलाचे गुण मात्र साऱ्या गावाला पाठ असतात.

याच टेक्सास विद्यापीठाविरुद्ध आणखी एक खटला झाला होता, तो या संदर्भात विसरून चालणार नाही. १९४६ साली हेमन स्वेट या कृष्णवर्णीय तरुणाने तेथील कायदा शाखेत प्रवेश मागितला. तो कृष्णवर्णीय आहे, एवढ्याच कारणाने त्याला नकार मिळाला. त्याच्यामागे कृष्णवर्णीयांची ‘एन.ए.ए.सी.पी.’ ही संघटना उभी राहिली, थरगुड मार्शल यांनी वकिली केली आणि १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने स्वेटला प्रवेश देण्याचा हुकूम केला. योग्य फिर्यादी शोधणे, लहान खटल्यातून मोठ्या खटल्याकडे जाणे, हरलो तरी पुढच्या खटल्याची तयारी ठेवणे, ही सारी पद्धत मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविली. ब्लूमने ती जशीच्या तशी उचलली. २०१६ साली फिशरचा खटला तो हरला. परंतु हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धचा खटला त्याने २०१४ सालीच दाखल करून ठेवला होता.

म्हणून, फिर्यादी शोधून खटला उभा केला, हा ब्लूमवरचा आक्षेप होऊ शकत नाही. तसे पीडितांच्या संघटनांनीही केले आहे आणि करावेच लागते. कारण एकट्या पीडिताला न्यायालयाची पायरी चढणे परवडत नाही. आक्षेप वेगळा आहे. स्वेटच्या अंगावर जखम होती आणि संघटनेने त्या जखमेला वाचा दिली. ब्लूमजवळ वाचा आधी तयार असते. जखम तो नंतर शोधतो. जखम सापडली नाही तरी त्याचे अडत नाही. हार्वर्डच्या खटल्यात हे उघड्यावर आले. २०१८ साली बॉस्टनच्या न्यायालयात त्या खटल्याची सुनावणी झाली, तेव्हा भेदभाव झाला म्हणणाऱ्या एकाही विद्यार्थ्याची साक्ष ब्लूमच्या संस्थेने ठेवली नाही. वीस हजारांवर सभासद असल्याचा दावा करणाऱ्या संस्थेची ही स्थिती होती. विद्यार्थी साक्षीला आले ते हार्वर्डच्या धोरणाच्या बाजूने, आणि त्यांत आशियाई वंशाचे विद्यार्थीही होते.

हार्वर्डच्या खटल्यात ब्लूमने आणखी एक पाऊल पुढे टाकले. गोऱ्या फिर्यादीने काम होत नाही, हे पाहून त्याने आशियाई वंशाचे फिर्यादी शोधले. आपल्याला आशियाई फिर्यादींची गरज होती, हे त्याने २०१५ साली ह्यूस्टनमधील चिनी समाजाच्या सभेत स्वतःच सांगितले. आशियाई विद्यार्थ्यांची तक्रार सर्वस्वी खोटी होती, असे मी म्हणणार नाही. हार्वर्डच्या व्यक्तिमत्त्व-गुणांत त्यांना सरासरीने कमी गुण मिळत होते आणि त्यामागे जुने पूर्वग्रह असू शकतात. ज्या देशाने १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला, तेथे असा संशय येणे स्वाभाविक आहे. परंतु या तक्रारीचे औषध म्हणून कृष्णवर्णीयांची जागा का कापावी? याच खटल्यात बाहेर आलेल्या आकडेवारीवरून, ब्लूमच्या बाजूने साक्ष दिलेल्या अर्थशास्त्रज्ञानेच सहकाऱ्यांसह पुढे दाखवून दिले की, हार्वर्डने प्रवेश दिलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापकांची मुले किंवा अधिष्ठात्यांच्या खास यादीतील होते. कृष्णवर्णीय, आशियाई आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आत होते. आजोबा हार्वर्डला शिकले म्हणून नातवाला जागा, ही वंशपरंपरेची राखीव जागा नव्हे काय? ब्लूमच्या वकिलांनी ही प्रथा बंद करता येईल, असा एक पर्याय म्हणून तिचा उल्लेख केला. पण निकाल मागितला तो वंशाच्या विचाराविरुद्ध. निकालानंतर वंशाचा विचार गेला. आजोबांची पुण्याई या निकालाने जागची हलली नाही. दोन वंचितांना समोरासमोर उभे करायचे आणि ज्याच्या घरात खरी वतनदारी आहे त्याला पडद्याआड ठेवायचे, हा डाव आपल्याला नवा नाही.

निकालाची फळे पुढच्याच वर्षी दिसली. २०२४ साली प्रवेश घेतलेल्या वर्गात एम.आय.टी. या संस्थेत कृष्णवर्णीयांचे प्रमाण आधीच्या सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. ॲम्हर्स्ट महाविद्यालयात ते ११ वरून ३ वर घसरले आणि हार्वर्डमध्ये १८ वरून १४ वर.

ब्लूम तेथेही थांबला नाही. २०२१ साली काढलेल्या दुसऱ्या एका संस्थेतर्फे त्याने २०२३ साली अटलांटा येथील ‘फिअरलेस फंड’वर खटला भरला. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लहान उद्योगांना वीस हजार डॉलरचे अनुदान देणे, हा या फंडाचा अपराध. अमेरिकेत नव्या उद्योगांत जे भांडवल गुंतवले जाते, त्याचा एक टक्काही कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला येत नाही. खटला भरणाऱ्या स्त्रियांची नावे नव्हती. त्यांना मालक ‘अ’, मालक ‘ब’ अशी अक्षरे दिली होती. आणि कायदा कोणता वापरला? गुलामीतून सुटलेल्या माणसांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेला १८६६ चा कायदा! २०२४ च्या सप्टेंबरात तडजोड होऊन ते अनुदान बंद झाले. गुलामांच्या नातींना मिळणारी मदत गुलामांसाठीच केलेल्या कायद्याने बंद पाडली गेली. फिर्यादीला नाव उरले नाही, चेहरा उरला नाही. उसना फिर्यादी शेवटी नुसते अक्षर झाला.

आता आपल्या बाजूचीही चिकित्सा करणे प्राप्त आहे. ब्लूम इतका यशस्वी का झाला? त्याची चिकाटी आणि पैसा ही कारणे खरी आहेत. पण ज्या भिंतीवर त्याने घाव घातला, तिचा पाया आधीच पोकळ झाला होता. १९७८ साली बाकी नावाच्या गोऱ्या विद्यार्थ्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विशेष संधीचे धोरण वाचवले खरे; मात्र शतकांच्या अन्यायाची भरपाई म्हणून नव्हे, तर वर्गात विविधता असली की सर्वांचे शिक्षण चांगले होते म्हणून. थरगुड मार्शल तेव्हा त्याच न्यायालयात न्यायाधीश होते. दोनशे वर्षे भेदभाव चालू होता तेव्हा घटना आड आली नाही आणि तो दूर करायला निघाल्यावर मात्र ती आड येते, असे त्यांनी वेगळ्या निकालपत्रात खेदाने नोंदविले. मार्शल यांचे ऐकले गेले नाही. हक्काची जागा उपयुक्ततेने घेतली. कृष्णवर्णीय मुलगा वर्गात हवा, कारण त्याच्यामुळे गोऱ्या मुलाचे क्षितिज रुंदावते! ज्याचा हक्क मान्य नाही, फक्त उपयोग मान्य आहे, त्याला एक दिवस दार दाखवले जाणारच. ब्लूमने ते दार उघडले, एवढेच.

आपली स्थिती या बाबतीत वेगळी आहे आणि ती कोणाच्या कृपेने वेगळी नाही. डॉ. बाबासाहेबांनी प्रतिनिधित्वाचा हक्क घटनेच्या कलमांत लिहून ठेवला. पण आपल्याकडेही समतेच्या नावाने न्यायालयात जाण्याची रीत जुनीच आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांनी पाणी घेतले, तेव्हा तळे खाजगी आहे असे म्हणत सवर्णच दिवाणी न्यायालयात गेले. फिर्यादी ते, आरोपीच्या जागी बाबासाहेब! मुंबई उच्च न्यायालयात त्या दाव्याचा अंतिम निकाल १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने लागला. घटना लागू झाल्यावर वर्षभरातच मद्रास राज्यातील जातवार प्रवेशांविरुद्ध चंपकम दोराईराजन यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. या बाईंनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्जच केला नव्हता, ही गोष्ट खुद्द न्यायालयाच्या निकालपत्रात नमूद आहे. तरीही समतेचा भंग झाल्याचा निर्णय १९५१ साली त्यांच्या बाजूने झाला. ब्लूमचा जन्म व्हायचा होता. त्याची युक्ती आपल्याकडे आधीच जन्मली होती. त्या वेळी बाबासाहेब कायदेमंत्री होते. त्यांनी संसदेत त्या निकालावर कठोर टीका केली आणि पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या कलमात चौथे उपकलम आले. पुढे १९७५ साली, केरळ राज्य विरुद्ध थॉमस या खटल्यात, राखीव जागा हा समतेला केलेला अपवाद नसून समतेचाच एक भाग आहे, ही भूमिका आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घेतली. अमेरिकेतील न्यायालय विविधतेच्या आडोशाला गेले, त्याच सुमारास आपले न्यायालय या भूमिकेपर्यंत पोचले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु कलमे लिहून ठेवली म्हणजे पाया सुरक्षित राहतोच असे नाही. २००६ साली मागासवर्गीयांच्या राखीव जागांविरुद्ध वैद्यकीय विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्या संघटनेने आपल्या नावातच समता घेतली होती. २००८ साली न्यायालयाने त्या २७ टक्के जागा वैध ठरविल्या. २०१९ साली मात्र १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलतेच्या आधारावर दहा टक्के जागा आल्या आणि त्यांतून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग यांतील गरिबांना वगळण्यात आले. २०२२ साली तीन विरुद्ध दोन मतांनी ही दुरुस्ती टिकली. जातीने नाकारलेल्या माणसाला प्रतिनिधित्व, ही राखीव जागांमागची मूळ कल्पना. तिच्या शेजारी गरिबी निवारणाची कल्पना आणून बसवली, की हळूहळू पहिलीचे मोजमापही दुसरीच्या काट्याने होऊ लागते. अमेरिकेत हक्काच्या जागी विविधता आली. येथे हक्काच्या जागी दारिद्र्य येऊ पाहत आहे. वाट वेगळी, पण पाया सरकण्याची दिशा तीच.

ब्लूमच्या तीस वर्षांतून कार्यकर्त्यांनी आणि आम्हा शिक्षकांनी काही धडे घेतले पाहिजेत. पहिला धडा भाषेचा आहे. राखीव जागांना सवलत, मदत, उदारता असे शब्द आपण स्वतः वापरता कामा नयेत. जे उदारतेने मिळते ते लहर फिरली की जाते. दुसरा धडा नोंदीचा आहे. किती पदे भरली, किती रिकामी ठेवली, लायक उमेदवार नाही असा शेरा कोणत्या वर्षी कोणत्या पदावर मारला, याची कागदोपत्री नोंद आपल्याजवळ हवी. ब्लूमला जखम शोधावी लागते. आपल्याकडे जखमा अगणित आहेत, पण त्यांची वही नाही. माझ्यासारखे घरातले पहिले पदवीधर आज महाविद्यालयांतून शिकवीत आहेत. ही वही लिहिणे हे आमचे काम आहे, सभेत टाळ्या घेणारे नसले तरी. तिसरा धडा एकीचा. आपल्यातल्या एका जातीची खरी तक्रार दुसऱ्या जातीविरुद्ध वापरायला कोणी पुढे आले, तर तक्रार ऐकून घ्यावी, आणि ती घेऊन येणाऱ्याच्या मागे कोण उभे आहे हेही पाहावे.

समता हा शब्द आता सर्वांचा झाला आहे. तो वतनदारही वापरतो आणि वेठबिगारही. म्हणून नुसता शब्द ऐकून भुलण्याचे दिवस संपले. समता मागणाऱ्याला एवढेच विचारावे : तुझी जखम दाखव. आणि हा प्रश्न दुसऱ्याला विचारण्यापूर्वी आपल्या जखमांची वही आपण भरून ठेवावी.